सांगणारीचं नाव

राहाता,
२४ नोव्हेंबर १९९६

प्रिय फरहीन,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. राहात्याहून कोपरगावला एसटी तासाभरात पोचते, तेव्हा खरं तर पत्राचीही गरज नव्हती. सकाळी निघाले असते तर दुपारी तुझ्याकडे जेवून, तुझ्या लेकीला मांडीवर घेऊन संध्याकाळी परत आले असते. गेल्या रविवारी मी स्टँडवर गेलेही होते. कोपरगावची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरने "बाई, येताय ना?" असं विचारलंसुद्धा. मी मान हलवली आणि बाकड्यावर बसून राहिले. गाडी गेली. समोर बसून मला हे सांगता येणार नाही, हे तिथे कळलं. म्हणून लिहितेय.

आधी इकडचं थोडं सांगते. जुलैपासून मी इथल्या कॉलेजात आहे, हे तुला कळवलं होतंच. दोन खोल्या मिळाल्यात, मागे पेरूची बाग आहे. सध्या पेरूचे दिवस, त्यामुळे सकाळी दार उघडलं की आधी वास येतो आणि मग घरमालकीण. पहिल्या वर्षाच्या वर्गात नव्वद मुलं आहेत. सुरुवातीला खडूसुद्धा हातात धरवत नव्हता, आता बरं चाललंय. आई नगरलाच आहे. गुडघे दुखतात, पण इकडे यायला तयार नाही. मुलगी झाल्याचं तू लिहिलंस तेव्हा आईला लगेच कळवलं. तिने टोपडं शिवून पाठवलंय, ते माझ्याकडेच पडून आहे. डॉक्टरांनी तुला प्रवास नको म्हटलं आणि त्यामुळे सगळं माहेरच तुझ्याकडे येऊन राहिलं, हे वाचून हसू आलं. दादी पहिल्यांदाच नातजावयाच्या घरी राहतायत म्हणे. अझहरभाईंना त्यांनी दोन दिवसांत आपल्या बाजूला करून घेतलं असेल.

दादींबद्दलच लिहायचं आहे.

तू मला पहिल्यांदा तुमच्या गावी नेलंस तो चौऱ्याण्णवचा मे महिना आठव. देशमाने सरांच्या बोलीशब्दांच्या पुस्तिकेसाठी जामखेडचा भाग माझ्याकडे आला होता आणि त्या बाजूला माझ्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. होस्टेलच्या खोलीत मी हिरमुसून बसले होते. तू म्हणालीस, आमच्या घरी चल, आमची दादी बोलायला लागली की तुझी वही संपेल. आणि खरंच तीन वह्या संपल्या. चाळीस वर्षं डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ज्या बाईने वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, हजारो बायकांचे हात हातात धरले, तिच्याकडे शब्दांना काय तोटा! तुझ्याशी आणि तुझ्या अब्बांशी, आमच्या रज्जाकचाचांशी, त्या दखनीत बोलायच्या, आणि कुंपणाबाहेरून कुणी हाक मारली की त्याच दमात तिथल्या मातीतल्या मराठीत. मी सरांकडून आणलेला टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून बसायचे आणि तू कंटाळून आत झोपून जायचीस.

त्यामुळे ती दुपार तुला माहीत नाही. तुमच्या गाईसाठी कडबा काढताना पेंढीला बांधलेला आळा तुटला आणि ज्वारीची सगळी ताटं अंगणभर झाली. मी एकेक उचलायला लागले तशा दादी ओरडल्या, "आगं, येक येक काय येचती? कवळ्यात धर, कवळ्यात!" मी दोन्ही हातांनी सगळा कडबा छातीशी गोळा केला. अंगभर कुसळं टोचत होती आणि मला मात्र शब्द सापडल्याचा आनंद. वहीत लिहिलं: कवळा, दोन्ही हातांत मावेल एवढा चारा. मग नेहमीसारखं विचारलं, दादी, यावरून अजून काही म्हणतात का? त्या ओसरीवर टेकल्या. मग त्यांनी मला बनुबाईंची गोष्ट सांगितली.

बहात्तरच्या दुष्काळात कुणी बांगड्या भरीना, म्हणून दादीही शेजारच्या बनुबाई सांगळ्यांबरोबर खडी फोडायला गेल्या होत्या. बनुबाईंचा किसन सात वर्षांचा. त्याला ताप भरला, हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी कामावरच, बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत तो गेला. सगळ्या बायका रडल्या. बनुबाई रडेनात. त्या उठल्या, हातोडी घेतली आणि परत खडी फोडायला बसल्या. मुकादमसुद्धा घाबरला. कुणी जवळ जाईना. "मग मी गेले," दादी म्हणाल्या. "म्हागून जाऊन तिला कवळली. लई झटली. हातोडी माज्या पायाव पडली, ह्यो बघ डाग. पर मी सोडली न्हाई. दिस कलंडला तवा तिला रडू फुटलं."

मी विचारलं, कवळली म्हणजे मिठी मारली? त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, की एवढं शिकून हिला एवढंही कळू नये. म्हणाल्या, "मिठी दोगांची आसती गं. तू मारती, मी बी मारते. कवळायचं म्हंजी येकाच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई, तवा दुसऱ्यानं दोगांचा जोर लावायचा. पेंढी सुटली की कसं धरलंस आत्ता? तसं मानूस सुटाया लागलं की त्याला धरायचं."

फरहीन, कोशात 'कवळणे'समोर 'आलिंगणे, मिठी मारणे' असं दिलेलं असतं. हा फरक मी कुठल्याच कोशात वाचला नव्हता. आणि त्याच क्षणी माझं लक्ष टेपकडे गेलं. कॅसेटची बाजू कधीच संपली होती. मी काय केलं असेल? कॅसेट उलटी घातली आणि म्हणाले, दादी, हे परत एकदा सांगता? त्यांनी सावकाश, शाळेत धडा म्हणावा तसं, किसन गेल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगताना त्या जिथे रडायला थांबल्या होत्या, तिथे आता थांबल्या नाहीत. तेवढंच टेप झालं.

त्या दिवशी मी त्यांना वचन दिलं की पुस्तिकेत शब्दासमोर तुमचं नाव छापून येईल. त्यांनी विचारलं, "समदं नाव?" मी म्हटलं, समदं. जरीना उस्मान मणियार, वय, गाव, तालुका. तेव्हा त्या खूश झाल्या होत्या. रेशनकार्डावर त्यांचं नाव 'सरीना' पडलंय आणि मतदारयादीत 'जरीनाबाई उसमाने', हे त्यांनीच हसत सांगितलं. "येकदा तरी कुनीतरी नीट लिव्हा बया," असं म्हणाल्या.

पुस्तिकेत काय छापलं गेलं ते तू वाचलं आहेस. तरी इथे लिहिते, कारण मला ते स्वतःच्या हाताने एकदा लिहायचंच आहे. "कवळणे: (क्रि.) खचलेल्या माणसास दोन्ही बाहूंत घट्ट धरून सावरणे. वाक्य: शेजारणीचं प्वार गेलं, ती रडंना, तवा मी तिला कवळली. सांगणार: बनुबाई गोरक्ष सांगळे, वय ६८, ता. जामखेड." दादींचं नाव सबंध पुस्तिकेत कुठेच नाही. त्यांच्या तीन वह्यांतले सत्तेचाळीस शब्द आले आणि ते सगळे बनुबाईंच्या नाहीतर आणखी कुणाच्या नावावर आले.

प्रकाशनाला तू नव्हतीस. चाचांनी तुला कितपत सांगितलंय मला ठाऊक नाही, म्हणून घडलं तसं सांगते. सप्टेंबरमधला रविवार होता. शब्द सांगणाऱ्या सहा म्हाताऱ्या माणसांना नगरला बोलावून शाल आणि नारळ द्यायचं ठरलं होतं. जामखेडकडून बनुबाईंना बोलावलं होतं. त्या एकट्या येतील असं मी धरून चालले होते. त्या दादींना घेऊन आल्या. मागे रज्जाकचाचा, नवी टोपी घालून. बनुबाईंना वाटलं होतं की सत्कार दोघींचा असणार आणि पत्रात एकीचं नाव राहून गेलं असणार. दादी दुसऱ्या रांगेत बसल्या आणि मला लांबूनच हात केला. मी हसले.

देशमाने सरांना तो शब्द फार आवडला होता. बनुबाईंना शाल घातल्यावर त्यांनी कौतुकाने पुस्तिका उघडली आणि ती नोंद माइकवरून वाचून दाखवली. बनुबाई ऐकत होत्या. "शेजारणीचं प्वार गेलं" हे शब्द आले तशी त्यांनी सरांच्या हाताला धरून त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "मास्तर, शेजारनीचं न्हाई. माजं प्वार गेल्तं. किसन त्याचं नाव. आन मी कुनाला कवळीन त्या दिशी? मला कवळलं जरीनानं. ती बघा थितं बसलीया. ह्यो शबूद तिचा हाय." मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी टेबलावर ठेवली. फेकली नाही, नीट घडी करून ठेवली. सर माझ्याकडे बघायला लागले.

मी उठून माइकपाशी गेले आणि बोलले. आवाज स्वच्छ होता, कापरासुद्धा नव्हता. म्हणाले, "छपाईत गफलत झालेली दिसते. हा मुद्रणदोष आहे. आम्ही दिलगीर आहोत." एवढं बोलल्यावर लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सरांनी दादींना वर बोलावलं, तीच शाल त्यांच्या खांद्यावर घातली. चाचा मोठ्या मनाचे, ते म्हणाले, होतं असं कधीकधी. दादी शाल घेऊन खाली उतरल्या आणि जाग्यावर जाऊन बसल्या.

ती छपाईची गफलत नव्हती, फरहीन. छापखान्यात गेलेली प्रत माझ्या अक्षरातली होती. खिळे जुळवणाऱ्याने माझी वेलांटीसुद्धा चुकवली नाही.

एप्रिलमध्ये मी मुद्रणप्रत तयार करत होते. प्रत्येक शब्दाचा एक तक्ता भरायचा होता: शब्द, अर्थ, वाक्य, सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि शेवटचा रकाना मातृभाषा. 'कवळणे'च्या तक्त्यात मी जरीना उस्मान मणियार लिहिलं आणि त्या शेवटच्या रकान्यापाशी थांबले. कुणीतरी विचारेल असं वाटलं. इतका जुना मराठी शब्द, आणि सांगणारी मणियारीण? तिची भाषा मराठी कशावरून? ती आपल्या बोलीची साक्षीदार कशी? मग माझं काम कच्चं ठरेल, नोकरीच्या मुलाखतीत त्याच्यावर बोट ठेवतील. हे कुणी म्हणालं नव्हतं. सरांनी तर कधीच काही विचारलं नव्हतं. ब्याण्णवच्या डिसेंबरनंतर, होस्टेलच्या मेसमध्ये मुली तुझ्या ताटाकडे बघून कुजबुजायच्या तेव्हा मी तुझ्या शेजारी जाऊन बसले होते. तेव्हापासून मी स्वतःला फार चांगली समजत होते. पण त्या रकान्यापाशी ते प्रश्न विचारणारी मीच होते. मी तो कागद फाडला आणि नवीन तक्त्यावर बनुबाईंचं नाव लिहिलं. मग वाक्यात 'बनू' कसं चालेल? म्हणून 'बनूचं प्वार' खोडून 'शेजारणीचं प्वार' केलं. एका बाईचा शब्द काढून घेतला आणि दुसरीचं मेलेलं मूल. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की वाक्य आता बरोबर बसतंय. पुढचे सेहेचाळीस तक्ते मी त्याच दिवशी संपवले.

मुलाखतीतही तेच. समितीतल्या एका बाईंनी 'मिठी' आणि 'कवळणे' यांतला फरक विचारला आणि मी दादींनी सांगितलेलं सगळं, पेंढीसकट, स्वतःच्या निरीक्षणासारखं सांगितलं. बाई म्हणाल्या, फार सूक्ष्म विचार आहे तुमचा. ही नोकरी त्या वाक्याने मिळाली असं मी म्हणणार नाही, पण त्या वाक्यानंतर त्यांनी मला दुसरा प्रश्न विचारला नाही हे खरं.

दिवाळीच्या सुट्टीत मी देशमाने सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, "तू मला एवढंच ओळखलंस का? मी ते नाव नाकारलं असतं असं वाटलं तुला?" त्यांनी त्याच आठवड्यात छापखान्यात शिल्लक असलेल्या प्रतींसाठी दुरुस्तीची चिठ्ठी करायला दिली. बाहेर गेलेल्या प्रती गेल्या. मग मी जामखेडला जाऊन बनुबाईंना भेटले. त्या शेंगा फोडत होत्या. मी त्यांच्या पुढ्यात बसून सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी हात थांबवला नाही. तशाच म्हणाल्या, "चिट्टी चिटकवताय नव्हं? मग त्येच्यात किसनचं नाव बी घाला. शेजारनीचं प्वार म्हनून ऱ्हायला नको त्यो." सर म्हणाले घालू. बनुबाईंनी मला चहा विचारला नाही आणि मीही थांबले नाही. तुमच्या घराला कुलूप होतं. सगळे तुझ्याकडे आलेले. ते कुलूप बघून मला बरं वाटलं, हेही तुला सांगून टाकते.

आता तुझं पत्र. तू लिहिलंस की अब्बा प्रकाशनाहून आले ते धुमसतच आले. तिथे चारचौघांत मोठेपणा दाखवला, पण घरी 'नाव खाल्लं आमच्या आईचं' म्हणून दोन महिने ऐकवत राहिले. तू माझी बाजू घेऊन त्यांच्याशी भांडलीस. आणि शेवटी दादींनी सगळ्यांना गप्प केलं: पोरीची चूक न्हाई, यंत्राची चूक हाय, यापुढं कुनी बोलायचं न्हाई. तू लिहिलंस, बघ, दादीसुद्धा तुझ्याच बाजूने आहे, तेव्हा एका मुद्रणदोषापायी तोंड लपवून बसू नकोस, २९ तारखेच्या शुक्रवारी अब्बाही गावाहून परत येतायत, तू ये. ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि अकरा दिवस ते उघडलं नाही. कारण दादींना सगळं माहीत आहे. प्रकाशनानंतर मी त्यांना नगरच्या स्टँडवर सोडायला गेले होते. चाचा तिकिटाच्या चौकशीला गेले, बनुबाई पाणी प्यायला. आम्ही दोघीच होतो. दादींनी माझं मनगट धरलं, बांगडी भरताना धरतात तसं, आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, यंत्र नाव चुकवंल. बनूला शेजारीन कशी करंल?" मी खाली बघत राहिले. त्यांनी उत्तराची वाट पाहिली, आणि चाचा येताना दिसले तसं मनगट सोडून दिलं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. उलट सत्तराव्या वर्षी त्या पोटच्या मुलाशी माझ्यासाठी खोटं बोलतायत, आणि तू ते खरं मानून माझ्यासाठी भांडतेयस. हे मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र. एक काम कर. शुक्रवारी चाचा आले की सगळ्यांना बसव आणि हे पत्र मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून. दादी मध्येच म्हणतील, पुरं झालं, ठेव ते. त्यांचं ऐकू नकोस. शेवटपर्यंत वाच.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरीही तुझीच,
शुभांगी